स्लगरचा ट्रेड आणि आउटफिल्डमधला खो

३१ जुलै २००८ या एकाच दिवशी मेजर लीग बेसबॉलमधल्या दोन बड्या स्लगरनी संघ बदलले. स्लगर म्हणजे लांब फटक्यांसाठी, होमरनसाठी (चेंडू थेट कुंपणाबाहेर घालवणारा फटका) ज्याला घेतलं जातं असा बॅटर. ३६ वर्षांचा मॅनी रामिरेझ बॉस्टन रेड सॉक्समधून लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये गेला आणि ३८ वर्षांचा केन ग्रिफी ज्युनियर सिनसिनाटी रेड्समधून शिकागो व्हाइट सॉक्समध्ये. मॅनीने दोनच महिन्यांपूर्वी कारकिर्दीतला ५०० वा होमरन मारला होता, ग्रिफीने ६०० वा. दोघंही आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात क्षेत्ररक्षण करणारे. मॅनीच्या व्यवहारात पिट्सबर्ग पायरेट्स हा तिसरा संघही होता. म्हणजे मोठी नावं हलली दोन, पण आउटफिल्ड पाच संघांची हलली.

आयपीएलमधले ट्रेड आपल्याला माहीत आहेत. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला तो हंगामाआधी. संघ नंतर बांधला गेला. मेजर लीगमध्ये १६२ सामन्यांचा हंगाम दोन तृतीयांश संपलेला असताना, जुलैच्या अखेरीस, हे व्यवहार होतात. घडी बसलेल्या संघात कालपर्यंत दुसरीकडे खेळणारा माणूस येतो आणि पुढच्या सामन्यापासून त्याला जागा द्यायची असते. ती जागा देताना काय काय घडतं, हे समजून घ्यायला २००८ इतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

आधी आउटफिल्डची रचना. मैदानात नऊ क्षेत्ररक्षक, त्यांपैकी तिघं लांब, गवतावर: लेफ्ट, सेंटर आणि राइट. धावपटू एकामागून एक तीन बेस गाठून होम प्लेटला, म्हणजे घरी, परतला की धाव होते. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक षटकागणिक इकडून तिकडे जातो. इथे प्रत्येकाची जागा हीच त्याची नोकरी असते आणि तीन जागांची कामं वेगळी आहेत. सेंटर फिल्डरला सगळ्यांत जास्त जमीन सांभाळावी लागते. दोघांच्या मधल्या पट्ट्यात उंच चेंडू गेला तर तो घ्यायचा की सोडायचा हे तोच ठरवतो. त्याने हाक दिली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. राइट फिल्डरचा हात ताकदवान लागतो, कारण त्याला तिसऱ्या बेसपर्यंत फेक करायची असते आणि ते अंतर तिघांत सर्वांत लांबचं पडतं. पहिल्या बेसवरचा धावपटू एका साध्या हिटवर (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) तिसऱ्यापर्यंत जाणार की दुसऱ्यावर थांबणार, हे बहुतेक वेळा राइट फिल्डरच्या हातावर अवलंबून असतं. लेफ्ट फिल्डरला पळायचं कमी आणि फेकायचंही कमी. त्यामुळे बॅट जड पण पाय मंद असा खेळाडू परंपरेने लेफ्टला उभा केला जातो.

अभ्यासकांनी या अवघडपणाला आकडेही दिले आहेत. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत पूर्ण हंगाम सेंटर फिल्ड खेळणाऱ्याच्या खात्यात सुमारे अडीच धावा जमा होतात; लेफ्ट किंवा राइट खेळणाऱ्याच्या खात्यातून साडेसात वजा होतात; फर्स्ट बेसवाल्याच्या साडेबारा, आणि फक्त बॅटिंग करणाऱ्याच्या साडेसतरा. जागा जितकी सोपी तितकी तिथे चांगली माणसं सहज मिळतात, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. आणि साधारण दहा धावा म्हणजे एक विजय, असा हिशोब धरतात. हे आकडे डोक्यात ठेवले तर पुढचं सगळं सोपं जाईल.

वय वाढलेल्या स्लगरला लपवायची खरी जागा म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, डीएच. तो फक्त बॅटिंग करतो, मैदानात उतरतच नाही. मात्र मेजर लीगच्या दोन भागांपैकी २००८ मध्ये ही सोय फक्त अमेरिकन लीगमध्ये होती. नॅशनल लीगमध्ये ती कायमची आली २०२२ मध्ये. डॉजर्स नॅशनल लीगमधले. म्हणजे मॅनीला घ्यायचं तर रोज आउटफिल्डमध्ये उभं करायचं, दुसरा मार्ग नाही. ग्रिफी अमेरिकन लीगमध्ये गेला, पण शिकागोत डीएचच्या जागी जिम थोमी होता, तोही पाचशेहून अधिक होमरन मारलेला. खुद्द बॉस्टनमध्येही मॅनी लेफ्टला उभा राहायचा तो डीएचची जागा डेव्हिड ऑर्टिझकडे होती म्हणून. ट्रेडची बातमी आली की लोक आधी होमरन मोजतात. त्याआधी त्या संघाचा डीएच कोण आहे ते बघावं. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

डॉजर्सकडे ३१ जुलैला आउटफिल्डर कमी नव्हते, उलट जास्तच होते. हुआन पिअर: पाच वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार, आदल्या वर्षी ६४ बेस चोरलेला (फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळालेला), अतिशय वेगवान, पण फटक्यात ताकद नाही आणि हात कमकुवत. अँड्रू जोन्स: सेंटर फिल्डसाठी सलग दहा गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) जिंकलेला, दोन वर्षांसाठी ३ कोटी ६० लाखांहून अधिक डॉलर देऊन आणलेला, आणि त्या हंगामात ०.१५८ च्या सरासरीवर अडकलेला, म्हणजे हजार प्रयत्नांत १५८ हिट. चांगल्या बॅटरकडून २८०-३०० ची अपेक्षा असते. शिवाय मॅट केंप आणि आंद्रे इथियर हे दोन तरुण, ज्यांच्यावर संघाचं पुढचं भवितव्य होतं. तीन जागांना चार माणसं आधीच होती, मॅनी पाचवा.

खो-खोमध्ये पाठलाग करणारा बसलेल्याच्या पाठीवर हात मारून खो देतो, बसलेला उठतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. इथे तसंच झालं. मॅनी लेफ्टमध्ये बसला आणि पिअरला उठावं लागलं. पण पिअरला पुढे कुठे जागा होती? सेंटर. तो सेंटरला गेला तर केंप राइटला सरकतो आणि इथियर बाहेर बसतो. पहिले काही दिवस व्यवस्थापक जो टोरी यांनी अशी चाचपणी केलीही. पण त्या मांडणीत एक दोष होता: स्लगर आणल्याचा फायदा इथियरची बॅट बसवून काढून घेतला जात होता. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं. शेवटी ठरलं ते असं: लेफ्टला मॅनी, सेंटरला केंप, राइटला इथियर. मोठ्या करारांचे दोघंही, पिअर आणि जोन्स, बाकावर. हा निर्णय धाडसाचा होता, कारण एखाद्याला किती पगार दिलाय हे पाहून त्याला खेळवायचा मोह प्रत्येक संघाला होतो. पण दिलेला पैसा तर जातोच, खेळवला तरी आणि बसवला तरी. उरलेले सामनेच काय ते हातात असतात.

क्षेत्ररक्षणात याची किंमत काय? लेफ्टमधून पिअरचे पाय गेले आणि मॅनीचे आले. डाव्या बाजूच्या पट्ट्यात जाणारे चेंडू आता केंपला जास्त घ्यावे लागणार. अशा वेळी सेंटर फिल्डर दोन-तीन पावलं लेफ्टकडे सरकून उभा राहतो. मग सेंटर आणि राइटच्या मधला पट्टा रुंदावतो, म्हणून राइट फिल्डरही सेंटरकडे सरकतो आणि उजवी फाउल लाइन (मैदानाची कडेची रेषा) थोडी उघडी पडते. तीन माणसांची चादर एका बाजूला ओढली की दुसरीकडे पाय उघडे पडणारच. कोणत्या बॅटरला, कोणत्या पिचरसमोर (चेंडू टाकणारा), कुठली बाजू उघडी ठेवायची हे प्रशिक्षक रोज ठरवतात. उंच फ्लाय बॉल देणारा पिचर असेल तर मंद आउटफिल्डचा त्रास जास्त; जमिनीवरून चेंडू जायला लावणारा असेल तर तो इनफिल्डचा, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांचा प्रश्न, आउटफिल्डला विसावा.

दुसरा बदल बॅटिंगच्या क्रमात. बेसबॉलमध्ये क्रम नऊ जणांचा आणि गोल फिरणारा असतो. सामना संपेपर्यंत तोच. सामना कुठल्याही जागी संपू शकतो, म्हणून क्रमात एक पायरी खाली उतरलं की दर सामन्याला सरासरी एक नवमांश संधी कमी होते, म्हणजे १६२ सामन्यांत साधारण १८. त्यामुळे सर्वोत्तम बॅटरला दुसऱ्या ते चौथ्या जागेवर ठेवतात: संधी भरपूर मिळतात, आणि त्याच्यापुढचे दोघं-तिघं बेसवर असण्याची शक्यताही असते. मॅनी तिसऱ्या जागेवर येऊ लागला. पिअर बाकावर गेला म्हणजे सलामीचाही एक माणूस गेला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) राफाएल फरकॅल पाठीच्या दुखण्याने आधीच बाहेर होता. त्यामुळे केंप अनेकदा सलामीला आला आणि इथियर दुसऱ्या जागेवर, म्हणजे थेट मॅनीच्या पुढे.

ही दुसरी जागा महत्त्वाची. समोरचा पिचर इथियरला जपून, बाहेर-बाहेर टाकू लागला आणि त्याला फुकट बेस दिला, तर पुढे मॅनी, तोही एक धावपटू बेसवर घेऊन. म्हणून इथियरला खेळण्याजोगे चेंडू मिळतात, असं मानतात. आकडेवारीचे अभ्यासक या आधाराचा परिणाम लोक समजतात तेवढा मोठा नसतो असं सांगतात, आणि ते बरोबर आहे; पुढे कोण आहे यावरून माणसाची बॅट बदलत नाही. पण हाताची बाजू मात्र नक्की परिणाम करते. इथियर डावखुरा, मॅनी उजवा. समोरच्या व्यवस्थापकाने इथियरसाठी डावखुरा रिलीफ, म्हणजे बदली, पिचर आणला तर पुढच्याच पाळीला त्याच पिचरसमोर मॅनी. तेव्हा एका बॅटरनंतर पिचर बदलता यायचा, पण प्रत्येक बदलाला एक पिचर खर्च व्हायचा आणि राखीव पिचरांचं गोदाम लवकर रिकामं व्हायचं. २०२० पासून पिचरला किमान तीन बॅटरना तोंड द्यावं लागतं किंवा डाव संपेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे डावा-उजवा असा एकाआड एक क्रम आज आणखी मोलाचा झाला आहे.

मॅनीने डॉजर्ससाठी त्या हंगामात ५३ सामने खेळले: सरासरी ०.३९६, होमरन १७, त्याच्या बॅटिंगवर घरी आलेल्या धावा ५३. असं कुणीही गृहीत धरू शकत नव्हतं. म्हणून ट्रेड पारखताना मागाहून दिसलेले आकडे बाजूला ठेवून, व्यवहाराच्या दिवशी काय अपेक्षा करणं रास्त होतं ते मांडून पाहावं. समजा, येणारा स्लगर पूर्ण हंगामात बॅटने सरासरी खेळाडूपेक्षा ४० धावा जास्त देतो आणि क्षेत्ररक्षणात १२ गमावतो. ज्याची जागा तो घेतो तो बॅटने १० कमी देतो, पण पायांनी ३ मिळवतो. जागा तीच, लेफ्ट, म्हणून जागेची वजावट दोघांना सारखी; ती धरायचीच नाही. स्लगर अधिक २८, बसलेला उणे ७. फरक ३५ धावांचा. हंगामाचा एक तृतीयांशच उरला आहे, म्हणजे सुमारे १२ धावा. दहाला एक विजय, तर हाती येतो जेमतेम सव्वा विजय. एवढ्या गाजावाजाच्या व्यवहाराचं कागदावरचं वजन एवढंच असतं! डॉजर्स त्या वर्षी ८४ सामने जिंकून आपल्या विभागात पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरच्या ॲरिझोनाचे विजय होते ८२. एक-दोन विजयांसाठी संघ इतका जीव का टाकतात ते या दोन आकड्यांत दिसतं. आणि वाट सरळही नव्हती: ऑगस्टच्या अखेरीस, मॅनी जोरात खेळत असतानाच, डॉजर्स सलग आठ सामने हरले होते. एक बॅटर नऊपैकी एकदाच खेळायला येतो.

बॉस्टनची गरज उलटी होती. त्यांना जागा भरायची होती, तीही त्याच आकाराच्या माणसाने. पायरेट्सचा जेसन बे हा तसाच खेळाडू: लेफ्ट फिल्डर, उजव्या हाताने खेळणारा, दमदार फटक्यांचा, आणि पुढच्या वर्षीही करारात असलेला. ऑर्टिझ डावखुरा, त्याच्यानंतर उजवा बॅटर हवाच होता. चौथ्या जागेवर केव्हिन युकिलिस सरकला, बे त्याच्या मागे आला. डावे-उजवे हात जागच्या जागी राहिले. बेने उरलेल्या ४९ सामन्यांत ०.२९३ ची सरासरी आणि ९ होमरन दिले. मॅनीइतकं नाही, पण पोकळी पडू दिली नाही.

बॉस्टनच्या लेफ्ट फिल्डचं काम मात्र जगावेगळं आहे. फेनवे पार्कमध्ये लेफ्ट फिल्डची भिंत होम प्लेटपासून अवघ्या ३१० फुटांवर आहे आणि ३७ फूट २ इंच उंच. दुसरीकडे सहज झेल होणारा चेंडू इथे भिंतीला लागून परत येतो. तिथे पळण्यापेक्षा चेंडू भिंतीवरून कसा उसळेल याचा अंदाज मोठा. भिंतीकडे धावत सुटलात तर चेंडू डोक्यावरून मागे जातो आणि एका बेसची हिट दोन बेसची होते. योग्य रीत अशी की चेंडू भिंतीवरच लागणार हे ओळखताच उलट भिंतीकडे तोंड ठेवून काही पावलं मागे यायचं, उसळी हातात घ्यायची आणि वळून थेट दुसऱ्या बेसवर फेकायची. मॅनीने साडेसात हंगाम ही भिंत वाचली होती. पिट्सबर्गच्या लेफ्ट फिल्डमध्ये याच्या बरोबर उलटं. तिथे लेफ्ट-सेंटरचा कोपरा ४१० फूट खोल आहे, नुसतं पळायचं काम. बेला एका रात्रीत मोठ्या अंगणातून भिंतीच्या कोनाड्यात यावं लागलं. असा खेळाडू आला की सामन्याआधी प्रशिक्षक बॅटने चेंडू भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर मारून त्याला उसळ्या दाखवतात, आणि ते तास फुकट जात नाहीत.

बॉस्टनला खरी झळ दुसरीकडे लागली. व्यवहारात त्यांनी ब्रँडन मॉस हा जादा आउटफिल्डरही पिट्सबर्गला दिला होता. बातमीत तो नावापुरता होता, पण राइट आणि लेफ्टचा राखीव माणूस तोच. ऑगस्टमध्ये राइट फिल्डर जे. डी. ड्रू पाठीच्या दुखण्याने बाहेर बसला, आणि तोवर बाकावर उभं करायला कुणी नव्हतं. सेंटरची जागा आलटूनपालटून सांभाळणारे जॅकोबी एल्सबरी आणि कोको क्रिस्प दोघंही मग रोज मैदानात. २७ ऑगस्टला बॉस्टनने अटलांटाकडून मार्क कोत्सेला घेतलं. तेव्हा जुलैनंतरही काही अटींवर ट्रेड करता येत असे. २०१९ पासून ती खिडकी बंद झाली. आज असा राखीव माणूस देऊन बसलात तर ऑगस्टमधल्या दुखापतीला दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून उत्तर शोधता येत नाही. म्हणून व्यवहारात दिलेल्या चौथ्या-पाचव्या नावाकडेही तितक्याच बारकाईने बघायला हवं. संघ पहिल्या नावासाठी ट्रेड करतो, पण अडतो तो पाचव्या नावापाशी.

पिट्सबर्गची गोष्ट थोडक्यात. त्यांनी पाच दिवस आधीच राइट फिल्डर झेव्हियर नेडी न्यूयॉर्क यांकीजला दिला होता. आता लेफ्टही गेला. सेंटरचा नेट मॅक्लाउथ तेवढा राहिला आणि दोन्ही बाजूंना मॉस, स्टीव्ह पिअर्स, नायजर मॉर्गन अशांची पाहणी सुरू झाली. पुढच्या वर्षी ३ जूनला मॅक्लाउथही अटलांटाला गेला आणि दुसऱ्याच दिवशी सेंटर फिल्डमध्ये अँड्रू मॅककचेनने पदार्पण केलं. पुढची कित्येक वर्षं ती जागा त्याची झाली. विकणाऱ्या संघासाठी मोकळी झालेली जागा हीच मिळकत असते; तिथे कुणाला तरी रोज खेळवून पाहता येतं.

सिनसिनाटीतही तेच. २१ वर्षांचा जे ब्रूस मे महिन्यात सेंटर फिल्डमध्ये आला होता, कारण राइटला ग्रिफी होता. ब्रूसचा हात आणि शरीरयष्टी राइटची. ग्रिफी गेला आणि ब्रूस आपल्या हक्काच्या जागी उभा राहिला. ११ ऑगस्टला लेफ्टचा ॲडम डन ॲरिझोनाला गेला, आणि लगेच क्रिस डिकर्सनला वर बोलावलं गेलं. दोन आठवड्यांच्या आत तिन्ही जागांची खांदेपालट.

आता शिकागो; या पाचांत सगळ्यांत धोक्याची मांडणी त्यांची. लेफ्टला कार्लोस क्वेंटिन, ३६ होमरनचा हंगाम खेळत असलेला. राइटला जर्मेन डाय, चौतिशीचा, पाय जड झालेला. दोघांनाही हलवण्यात अर्थ नव्हता. फर्स्ट बेसवर पॉल कोनर्को, डीएच थोमी. उरली जागा एकच: सेंटर. म्हणजे सिनसिनाटीत वयामुळे सेंटर सोडून राइटला गेलेला ग्रिफी ३८ व्या वर्षी परत सर्वांत अवघड जागी. आधी सेंटर आणि फर्स्ट बेस असं दोन्हीकडे खेळणारा निक स्विशर अडचणीत आला. त्याला रोजची अशी जागाच उरली नाही. हंगाम संपताच नोव्हेंबरमध्ये तो यांकीजला दिला गेला.

अशी तीन मंद माणसं शेजारीशेजारी उभी केली की व्यवस्थापकाकडे एक उपाय उरतो: आघाडी असेल तर सामन्याच्या नऊ डावांपैकी शेवटच्या दोन-तीन डावांत स्लगरला काढून चपळ क्षेत्ररक्षक आणणं. शिकागोत ते काम ब्रायन अँडरसनचं. पण बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. स्लगरला काढलं आणि समोरच्यांनी बरोबरी साधली, तर जादा डावांत त्याच्या जागी बॅटिंगला तोच क्षेत्ररक्षक येणार. लवकर काढलं तर बॅट जाते, उशिरा काढलं तर झेल सुटतो. साधारण ठोकताळा असा: स्लगरची पुढची पाळी सामना संपायच्या आत येण्याची शक्यता कमी झाली की त्याला काढायचं. नॅशनल लीगमध्ये त्या काळी पिचरही बॅटिंग करायचा, म्हणून तिथे आणखी एक युक्ती होती. स्लगर नुकताच बॅटिंग करून गेला असेल तर त्याच वेळी पिचरही बदलायचा, नव्या पिचरला स्लगरच्या क्रमांकावर टाकायचं आणि नव्या क्षेत्ररक्षकाला पिचरच्या. म्हणजे पिचरची पाळी यायला आणखी आठ बॅटर मध्ये.

१ सप्टेंबरला क्वेंटिनने रागाने स्वतःच्याच बॅटवर मूठ आपटली आणि मनगट मोडून घेतलं. लेफ्टला ड्वेन वाइज येऊ लागला: बॅट हलकी, पाय तेज. हंगाम संपला तेव्हा शिकागो आणि मिनेसोटा बरोबरीत होते, आणि विभाग कुणाचा हे ठरवायला ३० सप्टेंबर २००८ ला १६३ वा सामना खेळावा लागला.

पाचवा डाव, धावफलक कोरा. मिनेसोटाच्या मायकल कडायरने दोन बेसची हिट मारली आणि पुढच्या फ्लाय बॉलवर तो तिसऱ्या बेसवर पोचला. बाद एकच. ब्रेंडन हॅरिसने सेंटर फिल्डमध्ये, फार खोल नाही असा, उंच चेंडू मारला. झेल झाल्यावर धावपटूला पुढे पळता येतं, आणि झेल झाल्याक्षणी कडायर घराकडे धावणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण फेक करायची होती ती ग्रिफीच्या ३८ वर्षांच्या खांद्याने. अशा चेंडूला आउटफिल्डर त्याच्या थेट खाली थांबत नाही. दोन-तीन पावलं मागे राहतो आणि पुढे येत येत झेल घेतो, म्हणजे अंगाचा सगळा वेग फेकीत उतरतो. झेल फेकणाऱ्या खांद्याच्या बाजूला घ्यायचा, एक छोटी उडी मारून पाय जुळवायचे आणि चेंडू सरळ रेषेत, बुटका ठेवून सोडायचा. उंच सोडला तर हवेत वेळ जातो. ग्रिफी डावऱ्या हाताने फेकणारा. त्याची फेक होम प्लेटजवळच्या कॅचर ए. जे. पिअरझिन्स्कीपर्यंत एक टप्पा घेऊन आली, कडायर त्याच्यावर जाऊन आदळला, आणि पिअरझिन्स्कीने चेंडू सुटू दिला नाही. बाद. सातव्या डावात थोमीने ४६१ फुटांचा होमरन मारला आणि सामना १-० असा सुटला. शेवटचा झेल सेंटर फिल्डमध्ये झेपावून घेतला तो ब्रायन अँडरसनने. राखीव क्षेत्ररक्षक नेमका तिथे होता.

ग्रिफीने शिकागोसाठी ४१ सामन्यांत फक्त ३ होमरन मारले. बॅटसाठी आणलेला माणूस बॅटने फारसं देऊ शकला नाही. तरीही विभाग ज्या एका सामन्यावर ठरला त्यात त्याचा हात कामी आला. यावरून मंद सेंटर फिल्डर चालतो असं मात्र समजू नये. त्याच्यापासून तीन पावलांवर पडून गेलेले चेंडू कुणाच्या नावावर चूक म्हणून लागत नाहीत, ते समोरच्यांच्या हिट म्हणून नोंदले जातात आणि पिचरच्या खात्यात जातात. अशा ट्रेडनंतर एखाद्या चांगल्या पिचरचे आकडे अचानक घसरले तर आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघा.

डॉजर्सच्या बाकावर बसलेल्या दोघांचं पुढे काय झालं? जोन्सला जानेवारी २००९ मध्ये करार शिल्लक असतानाच मोकळं केलं गेलं. पिअर थांबला. मॅनीने नवा दोन वर्षांचा, ४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आणि ७ मे २००९ ला बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणात त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. लेफ्ट फिल्ड एका दिवसात रिकामं झालं, आणि ते भरायला रोज खेळण्याची सवय असलेला, वेगवान आणि ताजा माणूस तिथेच बसलेला होता. पिअरने त्या हंगामात ०.३०८ ची सरासरी ठेवली. जुलैत मॅनी परतला, पिअर पुन्हा बाकावर गेला. डिसेंबरमध्ये त्याचाही ट्रेड झाला, शिकागो व्हाइट सॉक्सकडे. तिथे लेफ्ट फिल्ड त्याचं झालं, आणि २०१० मध्ये त्याने ६८ बेस चोरले, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्यासाठी क्वेंटिन राइटला सरकला.